खोकला आणि श्वासनलिकेतील पहारा
उणकल तळ्याकाठी फिरणाऱ्या आम्हा ज्येष्ठांत थंडीच्या दिवसांत खोकल्याचाच विषय निघतो. श्वासनलिकेच्या अस्तरातील काही पेशी चिकट कफ तयार करतात. त्यात धूळ नि जंतू अडकतात. शेजारच्या पेशींवर प्रत्येकी सुमारे 200 सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून कफ घशाकडे ढकलतात. अस्तरातून लायसोझाइम हे जंतूंचे कवच फोडणारे द्रव्यही स्रवते. फ्लेमिंग यांनी 1922 साली ते जाहीर केले, तेही शेंबडात सापडलेले! पेनिसिलिन नंतरचे.

विडी-सिगारेटच्या धुराने हे केस लुळे पडतात, कफ साचतो, जंतूंचे फावते. आमच्यातले काही जण अजून ओढतात आणि सकाळच्या खोकल्याचा दोष थंडीला देतात! खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते.