चूक दाखवणारे यंत्र

वेपिंगचे दुकान लंडनमधले असो की मनिलातले, पहिला रिबिल्डेबल ॲटोमायझर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथे बहुधा दोनच गोष्टी ऐकवल्या जातात: वाफ किती निघते आणि चव किती खुलते. दोन्ही खोट्या नाहीत. पण रिबिल्डेबल म्हणजे ज्यातली तापणारी तार आणि द्रव ओढणारा कापूस वापरणाऱ्यानेच बसवायचा असे यंत्र. त्याची वाफ आणि चव निम्मी यंत्राची, निम्मी बसवणाऱ्या हाताची. नवशिक्याचा हात अजून बसलेला नसतो, त्यामुळे सरावलेल्या लोकांनी दिलेली प्रशस्तिपत्रे त्याच्या फारशी उपयोगाची नाहीत. त्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माझे चुकले, तर हे यंत्र मला ते किती लवकर आणि किती स्पष्ट दाखवील? हा प्रश्न धरून पाहिले तर एका कॉइलचा साधा, उघडा ड्रिपर पहिल्या खरेदीसाठी टाकीवाल्या ॲटोमायझरपेक्षा सरस ठरतो. त्याच्याखालचा मॉड, म्हणजे बॅटरीचा भाग, मात्र नियंत्रक चिप असलेलाच हवा.

आधी कायद्याचे. भारतात ही चर्चा खरेदीपर्यंत जाऊच शकत नाही. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि मग त्याच वर्षी संसदेने केलेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात असे सगळेच बंद केले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून पुढचे सगळे ब्रिटन, जर्मनीसारख्या देशांपुरते. तिथे ही वस्तू प्रौढांना राजरोस मिळते, आणि सिगारेट सोडू पाहणारे मराठी लोकही तिथे राहतात. ज्याला सिगारेटचे व्यसनच नाही, त्याने या वाटेला जाण्याचे काहीही कारण मला दिसत नाही.

यंत्र म्हणाल तर अगदी थोडे आहे. तळाशी मॉडवर फिरवून बसवायचे आटे, ज्यांना या धंद्यात ५१० म्हणतात. मध्ये धन टोकाची पिन आणि तिच्याभोवती उष्णता सोसणारे विलगक कडे. वर डेक नावाची गोल चकती आणि तिच्यावर पेचांचे दोन खांब. एक पिनला जोडलेला, दुसरा यंत्राच्या अंगाला. या दोन खांबांत तारेची कॉइल अडकवायची, तिच्यातून कापसाची वात ओवायची आणि वातीची टोके खाली सोडायची. ड्रिपरमध्ये द्रव वरून थेंब थेंब घालायचा. टाकीच्या प्रकारात तो भोवतालच्या काचेच्या नळीत भरून ठेवलेला असतो आणि वातीच्या टोकांपाशी आपोआप पोचतो. निदान पोचावा अशी रचना असते. चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये ई-सिगारेटचा जो नमुना बनवला, त्यात द्रवाचे तुषार करायला अल्ट्रासॉनिक कंपने वापरली होती; बाजाराने पुढे तापलेल्या तारेची सोपी वाट धरली. सुरुवातीची तयार कॉइल लवकर जळायची, मग लोक तीच उघडून पुन्हा गुंडाळू लागले आणि त्यातून हा वेगळा प्रकार उभा राहिला.

तारेचा हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाने होतो. कांथल हा लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मूळचा स्वीडनमधला मिश्रधातू; भट्ट्यांत आणि टोस्टरमध्येही तोच तापतो. त्याची २८ गेजची तार सुमारे ०.३२ मिलिमीटर जाड असते आणि तिच्या एका मीटरचा रोध १८ ओहमच्या जरा आत येतो. ३ मिलिमीटरच्या दांडीवर तिचे सहा फेरे घेतले तर पायांसकट साधारण सव्वासात सेंटिमीटर तार लागते, म्हणजे रोध सुमारे १.३ ओहम. पूर्ण भरलेली १८६५० आकाराची बॅटरी ४.२ व्होल्ट देते. तेव्हा धारा ३.२ अँपिअरच्या आसपास आणि शक्ती साडेतेरा वॅट. सिगारेटसारखी आधी तोंडात आणि मग छातीत घ्यायची वाफ मिळायला एवढे भरपूर झाले. आता तेच सहा फेरे २४ गेजच्या तारेचे घ्या. रोध अर्ध्या ओहमच्या जवळ उतरतो आणि शक्ती ३० वॅटच्या पुढे जाते. अशा दोन कॉइल समांतर बसवल्या की रोध आणखी निम्मा होऊन धारा १५ अँपिअर ओलांडते. डोळ्यांना मात्र दिसते ते एवढेच, की तार थोडी जाड आहे आणि एकाऐवजी दोन कॉइल आहेत. चांगल्या १८६५० बॅटरीची सलग धारेची मर्यादा साधारण २० ते ३० अँपिअर असते, त्यामुळे इथवर अजून धोका नाही. पण ०.१ ओहमला हाच आकडा ४२ होतो, आणि कापलेल्या तारेचे टोक वरच्या टोपीला टेकले तर रोध जवळजवळ शून्यच.

म्हणूनच चिपचा आग्रह. नियंत्रक मॉड बटण दाबताच रोध मोजतो, तो पडद्यावर दाखवतो आणि शॉर्ट असेल तर वीज सोडत नाही. मेकॅनिकल मॉड म्हणजे नळी, बॅटरी आणि बटण. तो काही मोजत नाही आणि काही अडवतही नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये वेपिंगचे उपकरण फुटून एका माणसाचा जीव गेला, ते याच जातीचे होते. सरावलेले लोक मेकॅनिकल मॉड वापरतात हे मान्य, पण चुका व्हायच्याच अशा काळात पहारेकरी काढून टाकण्यात कसला शहाणपणा आहे?

वीज मोजता येते, कापूस मोजता येत नाही. बहुतेक नवशिके अडतात ते इथे. वात ओवताना किंचित अडली पाहिजे, पण कॉइलला सोबत ओढत नेता कामा नये. फार ठासली तर द्रव वर चढत नाही. सैल सोडली तर तार आणि कापूस यांच्यात फट राहते आणि तेवढीच जागा करपते. ड्रिपरची टोपी काढून हे सगळे उघड्यावर तपासता येते. आधी कापसाशिवाय, अगदी कमी वॅटवर, कॉइल क्षणभर तापवायची. लाली मधल्या फेऱ्यापासून दोन्ही बाजूंना सारखी पसरली तर ठीक; एखादाच फेरा किंवा पाय आधी लाल झाला तर कॉइल सिरॅमिकच्या चिमट्याने दाबून सारखी करायची किंवा पेच पुन्हा आवळायचे. मग वात ओवून, भिजवून, पुन्हा बटण दाबायचे. वाफ पूर्ण लांबीवर सारखी उठते की एका कोपऱ्यात कापूस पिवळा पडतो, हे समोर दिसते. चुकले तर कापूस उपटून टाकायचा आणि नवा घालायचा. काही मिनिटांचे काम.

कोरड्या वातीची गोष्ट फक्त चवीपुरती नाही. जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचे पत्र आले. ३.३ व्होल्टला त्यांना वाफेत फॉर्मल्डिहाइड मुक्त करणारी संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टला मात्र भरपूर आढळली. त्याच वर्षी ग्रीसच्या कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी आणि सहकाऱ्यांनी अनुभवी वेपरांना सोबत घेऊन दाखवले, की फॉर्मल्डिहाइडसारखी संयुगे बेसुमार वाढतात ती कापूस कोरडा पडल्यावर, आणि तो झुरका इतका कडवट असतो की माणूस तो टाकून देतो. प्रयोगशाळेतल्या पंपाला चव कळत नाही. हा वाद रसायनशास्त्रज्ञांनी चालू ठेवावा. निवडीपुरते त्यातून एक हाती लागते. इथे उष्णता आणि द्रवाचा पुरवठा यांचा मेळ हाच आरोग्याचा प्रश्न आहे, आणि तो बिघडला की नवशिक्याला कारण सापडले पाहिजे.

टाकीच्या यंत्रात नेमके तेच सापडत नाही. तिथे द्रव दाबावर तोललेला असतो. झुरक्यासरशी वातीतला द्रव उडतो, त्याच्या जागी टाकीतून द्रव येतो आणि त्याच्या बदल्यात हवेचा बुडबुडा टाकीत जातो. वातीची टोके द्रव आणणाऱ्या वाहिन्यांत जादा दाबली तर बुडबुडा अडतो आणि कापूस सुकतो. कमी भरली तर टाकी हवेच्या भोकांतून गळते. गळते म्हणजे कापूसच चुकला असेही नाही. रबरी कडे चिरलेले असेल, भरताना हवेची भोके उघडी राहिली असतील, काच नीट बसली नसेल, वरचे झाकण सैल असेल. खिशात चिकट डाग एकच आणि संशयित पाच. शिवाय तपासायला टाकी रिकामी करावी लागते, कारण चिमणीखालची, म्हणजे वाफेच्या नळीखालची, कॉइल भरल्या टाकीत दिसत नाही. स्वोयेमेस्टो या जर्मन कंपनीच्या कायफुनसारख्या टाकीने चांगली बसवलेली वात दिवसभर निमूट चालू शकते हे दाखवून दिले, आणि तिच्या कित्येक नकला झाल्या त्या उगाच नाही. पण ‘चांगली बसवलेली’ या दोन शब्दांतच नवशिक्याची अडचण आहे.

यावर पहिला आक्षेप सोयीचा, आणि तो रास्त आहे. दर चार-पाच झुरक्यांनी टोपी काढून थेंब घालणे घरी जमते. गाडी चालवताना, ऑफिसबाहेर पावसात उभे राहून, अजिबात जमत नाही. ज्याचा धीर इथे सुटेल तो सिगारेटकडे परत जाईल, मग शिकवणी चांगली होती याला काय अर्थ? याचे निम्मे उत्तर यंत्रातच आहे. पोकळ पिन असलेला ड्रिपर घेतला तर मॉडमधली मऊ बाटली दाबून द्रव खालून वर चढवता येतो आणि डेक तरीही उघडाच राहतो. उरलेले निम्मे असे, की ड्रिपर शिकताना बाहेरच्या वापरासाठी जुने तयार कॉइलचे यंत्र खिशात ठेवावे. ते फेकून रिबिल्डेबलवर उडी घेणारे लोकच बहुधा आठवड्याभरात कंटाळतात.

दुसरा आक्षेप असा, की ड्रिपर म्हणजे ढग सोडण्याच्या स्पर्धांचे हत्यार आणि तो नवख्याला कमी ओहमकडे ढकलतो. बाजारातल्या पुष्कळ ड्रिपरांबद्दल हे खरे आहे: दोन कॉइलचा डेक, बोट जाईल एवढी हवेची भोके. म्हणूनच एका कॉइलचा म्हटले, आणि हवा जवळजवळ बंद करता येईल असा. कमी शक्तीचा आणखी एक फायदा द्रवात दिसतो. १३ वॅटला द्रव फार थोडा उडतो, म्हणून सिगारेट सोडणाऱ्याला लागणारे निकोटिन जास्त तीव्रतेच्या थोड्या द्रवातून मिळवता येते. युरोपीय संघाच्या आणि ब्रिटनच्या नियमांत ही तीव्रता मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंतच आहे आणि टाकी २ मिलिलिटरचीच. ६० वॅटवर तोच द्रव वापरला तर एका झुरक्यात घसा सोलवटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हा खटाटोप हवाच कशाला? तयार कॉइल काही पौंडांना मिळते, तारेचा तुकडा काही पेनींना पडतो. पण हत्यारे, तारेची रिळे आणि पहिल्या काही आठवड्यांत वाया जाणारे सामान धरले तर बचतीचा मुद्दा लगेच सिद्ध होत नाही. सिगारेट सुटण्याचा पुरावाही दुसरीकडेच बोट दाखवतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८८६ जणांच्या ब्रिटिश चाचणीत वर्षअखेर सिगारेटपासून दूर राहिलेले ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के आणि पॅच-गोळ्यांच्या गटात ९.९ टक्के होते. त्यांना दिलेले यंत्र साधे, द्रव भरून वापरायचे होते. कोणी तार गुंडाळत नव्हते. ज्याला फक्त सिगारेट सोडायची आहे त्याने तेच घ्यावे आणि पुढे तेही सोडावे, असे मी निःसंकोच म्हणेन. घरी गुंडाळलेली कॉइल अधिक निर्धोक असते हा या छंदातला लाडका समजही तपासून घ्यावा. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ वेपरांच्या यंत्रांतून गोळा केलेल्या नमुन्यांत बाटलीतल्या द्रवापेक्षा वाफेत निकेल, क्रोमियम, शिसे असे धातू कितीतरी जास्त आढळले, म्हणजे ते यंत्रातून येत होते. स्वतः बसवणाऱ्याला मिश्रधातू निवडता येतो, तार वारंवार लालभडक करणे टाळता येते, कापूस हवा तेव्हा बदलता येतो. पण तापलेला धातू द्रवात बुडालेला आहे ही मूळ गोष्ट बदलत नाही.

हे सगळे मान्य करूनही ज्याला यंत्रात रस आहे, त्याने ड्रिपरवर १.३ ओहमची तीच कॉइल पुन्हा पुन्हा बसवावी, आणि वात न करपता सलग चालू लागली की मगच टाकी घ्यावी. टाकीही एका कॉइलची आणि रुंद वाहिन्यांची हवी. तिच्यात पहिल्यांदा तार तीच, फेरे तेवढेच, वॅटही तेवढेच ठेवावेत. मग टाकी गळली किंवा वात सुकली तर निदान कॉइलला संशयितांच्या यादीतून काढता येते.