एका चांदीवर दोन राजे

नाशिकमधल्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल आजच्या रविवारापुरता नाण्यांसाठी घेतलेला आहे. खाली साखरपुडा. जिन्याशी गुलाबपाणी शिंपडणारी मुलगी माझ्या हातावर पेढा ठेवते आणि विचारते, मुलाकडच्या की मुलीकडच्या? मी ‘नाण्यांकडची’ म्हणते. ती न हसता वर बोट दाखवते. सकाळपासून हे उत्तर तिने बरेचदा ऐकलेलं दिसतंय.

वर टेबलांच्या तीन रांगा, पांढऱ्या चादरी, पंख्यांचा खडखडाट. ट्यूबलाइटच्या उजेडात चांदी मेल्यासारखी दिसते, म्हणून जाणत्यांनी खिडकीलगतची टेबलं आधीच धरली आहेत. दारापाशी ‘कोणतंही दहाला’ अशी पाटी लावलेला ढीग आहे आणि त्याभोवती शाळकरी पोरं. एकाला भोकाचा पैसा सापडलाय. 1943 ते 1947 या काळातला, युद्धात धातू वाचावा म्हणून मधोमध गोल काढून टाकलेला. पोरगं आधी त्यातून करंगळी घालून बघतं, मग डोळा लावून आईकडे.

मधल्या रांगेत एक गृहस्थ रुमालाची गाठ सोडताहेत. आत वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं. मोबाइलवर कुणीतरी त्याचे दहा लाख सांगितलेत, वर नोंदणीपोटी थोडे पैसेही मागितलेत.

‘दादा, याचे पाचच रुपये येतील,’ विक्रेता सांगतो. ‘आणि नोंदणीचे पैसे अजिबात भरू नका.’

असल्या व्यवहारांत आपलं नाव वापरून लोकांना फसवलं जातंय, असं रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलं होतं. गृहस्थ ऐकून घेतात, मान डोलावतात आणि नाणं पुन्हा रुमालात बांधतात. गाठ मात्र पहिल्यापेक्षा घट्ट मारतात.

शिवराईच्या टेबलाशी नेहमीप्रमाणे रेटारेटी. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. पण ठसा बहुतेक वेळा तांब्याच्या तुकड्याहून मोठा, त्यामुळे काही ना काही बाहेरच राहतं. इथे भाव विचारण्याआधी अक्षरं विचारतात.

‘छत्र पूर्ण आहे, पति अर्धा.’

‘श्री दिसतोय का?’

पलीकडे पेशवाईतल्या दुदांडी शिवराया, ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या. त्यातल्या काही चिंचेने घासून लख्ख केल्या आहेत. नव्या गिऱ्हाइकाला त्या आवडतात. मला बघवत नाहीत. एवढ्या वर्षांचा काळा-तपकिरी थर पाच मिनिटांत गटारात गेला.

मी आले आहे ती खिडकीच्या कोपऱ्यातल्या काकांसाठी. त्यांच्याकडे चकचकाट नाही. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या जुन्या डब्यात कापसावर नाणी ठेवतात.

‘काका, नहपान आहे?’

‘आहे ना ताई. साधा दाखवू की ठोकलेला?’

‘ठोकलेला.’

काका सात नाणी चादरीवर मांडतात. अंगठ्याच्या नखाएवढी, जेमतेम दोन ग्रॅमची चांदी. मूळ नाणं क्षत्रप नहपानाचं: एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, कडेने ब्राह्मी आणि खरोष्ठी. मग गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवलं आणि त्याचीच नाणी घेऊन त्यांच्यावर आपला ठसा मारला. चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, मागच्या बाजूला चार टोकांना चार वर्तुळं असलेलं उज्जैनी चिन्ह. 1906 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा निघाला, त्यातली 9,000 हून अधिक अशी ठोकलेली होती. वितळवून नवी पाडायची तर कोळसा हवा, कारागीर हवेत, शिवाय थोडी घट येणार. इथे एका घावात काम झालं आणि चांदी पुन्हा बाजारात गेली.

बाजार मात्र अजून याच भागातला. इथून थोड्या अंतरावरच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने 3,000 कार्षापणांचा हिशोब कोरून ठेवलाय. 2,000 गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने, 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री लिहिते की आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं.

निर्मूळ कसला! मी भिंग लावते तर तिसऱ्या नाण्यावर डोंगराच्या खालून नहपानाचं नाक जसंच्या तसं बाहेर आलंय. डोंगर गालावर बसलाय, डोळा चेपलाय, पण नाक, ओठ आणि ग्रीक अक्षरांतली तीन-चार शाबूत. ठोकणाऱ्याचा हात त्या दिवशी हलका पडला असावा.

‘ते नका घेऊ,’ काका म्हणतात. ‘हे पाचवं बघा, डोंगर कसा स्वच्छ बसलाय.’

स्वच्छ डोंगराला भाव जास्त, हे मला ठाऊक आहे. तसं नाणं एकट्या गौतमीपुत्राचं वाटतं. मला दोघंही हवेत, आणि तेही भांडत असलेले.

काठ तपासते. ठोकताना गेलेली चीर आहे, म्हणजे बरं. ओतलेल्या नकलेवर भिंगाखाली बारीक खळगे दिसतात, तसे इथे नाहीत. काट्यावर दोन ग्रॅमला किंचित कमी.

‘कुठलं हे?’

‘जुन्या संग्रहातलं.’

या हॉलमधलं प्रत्येक नाणं जुन्या संग्रहातलं आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा कायदा 1878 पासून आहे. पण नांगराला हंडा लागला की पहिली आठवण सोनाराची होते, हेही तितकंच जुनं. मी पुढे विचारत नाही. इथे कुणीच विचारत नाही, आणि हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

‘अडीच हजार.’

‘चिरेचे कमी करा. शिवाय तुम्हीच नका घेऊ म्हणालात.’

काका हसतात. भवानी व्हायची आहे, म्हणून बावीसशेवर येतात. मी पाचशेच्या चार आणि शंभराच्या दोन नोटा देते. ते मोजत नाहीत. एकेका नोटेचा नंबर वाचत जातात, आणि शंभराची एक गल्ल्यात न टाकता शर्टाच्या खिशात ठेवतात.

‘काय होतं त्यावर?’

‘शेवटी सातशे शहाऐंशी.’

‘मग ती परत द्या, दुसरी देते.’

‘नाही ताई,’ काका खिशावर हात ठेवतात, ‘आता व्यवहार झाला.’