थेंब फोडायचा कसा?

दुधातलं फॅट विरघळलेलं नसतं. ते गोल थेंबांच्या रूपात दुधात तरंगत असतं. एकेक थेंब साधारण 1 ते 10 मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दूधसंघातल्या होमोजिनायझरवर मी बरीच वर्षं हे थेंब फोडायचंच काम केलं. नुसत्या जोराने ते होत नाही, हे नव्या मुलांना मी आवर्जून सांगत असे.

वाहता द्रव थेंबाला ओढून लांबवतो आणि पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू बघतो. ओढ वरचढ झाली की थेंब लांबत जाऊन तुटतो. केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांचे 1934 सालचे प्रयोग मला फार आवडतात. घट्ट सिरपमध्ये तेलाचा थेंब सोडून त्यांनी दोन तऱ्हा करून पाहिल्या. एकीत थेंबाच्या दोन बाजूंनी दोन पट्टे उलट दिशांना सरकत, दुसरीत चार रूळ फिरून त्याला ताणत. थेंबातलं तेल सिरपपेक्षा खूपच घट्ट असलं, तर पट्ट्यांमध्ये तो जरासा लांबट व्हायचा, पण फुटायचा नाही. रुळांनी ताणला की फुटायचा. थेंब भोवतालच्या द्रवाच्या साधारण चौपटीहून घट्ट असेल, तर पट्ट्यांचा वेग कितीही वाढवा, उपयोग नाही.

आमच्या धंद्यात नेमकं हेच आडवं येतं. वितळलेलं फॅटसुद्धा दुधाच्या चौपटीहून बरंच घट्ट असतं. म्हणून 60 अंशांच्या वर तापवलेलं दूध सुमारे 200 बार दाबाने व्हॉल्व्हच्या केसाएवढ्या फटीतून काढतात. तिथे थेंब ताणलाही जातो आणि भोवऱ्यांतही सापडतो. मूळ कल्पना ऑगुस्त गोलँ या फ्रेंच माणसाची, पेटंट 1899 चं.

4 मायक्रॉनच्या थेंबाचे अर्ध्या मायक्रॉनचे थेंब केले, तर एकाचे 512 होतात आणि एकूण पृष्ठभाग आठपट वाढतो. या नव्या पृष्ठभागावर दुधातलं केसीन लगेच चिकटतं, म्हणून थेंब पुन्हा जुळत नाहीत. वर चढण्याचा त्यांचा वेगही 64 पटींनी घटतो. मग मलई वर येणार कशी?

लोक मात्र म्हणतात, दुधात पाणी घातलं. हा आरोप मला फार लागतो. फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के आणि टोन्ड दुधात 3 टक्के फॅट असावंच लागतं, मग ते होमोजिनाइज्ड असो वा नसो. साय पातळ आली तर आधी पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलंय का ते बघा, आणि तरीही शंका राहिली तर दुधाचं फॅट तपासून घ्या.