खुर्ची नेता की हवा?

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत पुस्तकांसाठी नवं कपाट आलं. टेम्पोतून भलंमोठं खोकं उतरलं. मुलांनी टाळ्या पिटल्या! आधी पुठ्ठा निघाला, मग प्लॅस्टिक, मग थर्माकोलच्या जाडजूड पाट्या आणि सर्वांत शेवटी कपाट. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, कपाटापेक्षा कचराच जास्त!"

त्या पाट्या मी व्हरांड्यात ठेवल्या. चूक माझीच. मधल्या सुट्टीत त्यांचा चुरा झाला, रात्री पाऊस आला आणि सकाळी पाहतो तर पांढरे मणी थेट ओढ्यापर्यंत! आम्ही चार दिवस वेचत होतो. शेजारच्या शेतातले आजोबा एवढंच म्हणाले, "बाई, माझी गुरं चरतात हो तिथं." मला उत्तर सुचेना.

थर्माकोल म्हणजे सुमारे ९८ टक्के हवा. उरलेला भाग खनिज तेलापासून बनवलेलं प्लॅस्टिक. ते कुजत नाही, नुसते बारीक तुकडे होत जातात. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली; पण मोठ्या खोक्यांतून ते अजूनही घरात येतंच.

मग वर्गात प्रश्न निघाला, कपाटाला एवढं गुंडाळावं का लागलं? कारण ते जोडलेलं आलं. आत सगळी पोकळी! धक्का लागला की चेपणार. शिवाय टेम्पोनं डिझेल जाळून वाहिलं काय? बरीचशी हवाच!

चला, एक गणित करू. माझी खुर्ची ४५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ९० उंच आहे. एक मीटर लांब, रुंद आणि उंच पेटीत अशा खुर्च्या सरळ ठेवल्या, तर किती मावतील? फक्त चार!

आता गंमत ऐका. १८५९ साली व्हिएन्ना शहरातल्या मायकेल थोनेट नावाच्या कारागिरानं एक खुर्ची तयार केली. लाकूड वाफेवर मऊ करून तो वाकवत असे. खुर्चीचे लाकडी भाग सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. बस्स! सुटे भाग केले, की एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या बसत. ज्या मालाला नऊ पेट्या लागल्या असत्या, तो एकाच पेटीत! पेटी जहाजानं दूरदेशी जाई आणि खुर्च्या तिथं जोडल्या जात. पुढं १९५० च्या दशकात स्वीडनमधल्या आयकिया कंपनीनंही टेबलाचे पाय सुटे करून सपाट खोक्यात माल पाठवायला सुरुवात केली.

मात्र सुटं सामान टिकाऊही हवं. भुशाच्या हलक्या फळ्यांतले स्क्रू दोन-तीनदा काढले-घातले की भोकं सैल होतात. वर्षभरात वस्तू भंगारात गेली, तर वाचवलं काय?

आता गुंडाळण्याचं पाहू. हापूसच्या पेटीत पेंढा असतो ना? आंबा जपतो आणि नंतर मातीत मिसळतो. अमेरिकेत इबेन बायर आणि गॅव्हिन मॅकिन्टायर या दोन तरुणांनी २००७ साली अशीच युक्ती लढवली. पिकांचा काडीकचरा साच्यात भरायचा आणि त्यात अळंबीचे तंतू वाढू द्यायचे. काही दिवसांत तंतू सगळा कचरा घट्ट बांधून टाकतात. मग तो वाळवायचा, की थर्माकोलसारखा ठोकळा तयार! काम संपलं की मातीत टाका, कुजून जातो.

आपल्याला अळंबीची वाट बघायला नको. घरात नवं सामान घेताना आई-बाबांना दुकानात तीन प्रश्न विचारायला सांगा : सुटे भाग करून आणाल का? गोणपाटात किंवा जुन्या गोधडीत गुंडाळाल का? खोकं परत न्याल का?

दिवाळीनंतर आम्ही गावातल्या सुतारकाकांकडून चार बाकं करून घेतली. पाय वेगळे, फळ्या वेगळ्या, मध्ये जुनी पोती. मुलांनी पाने धरून नट आवळले. पोती त्याच टेम्पोतून परत गेली. कचरा उरला तो मूठभर सुतळीचा. तीही आम्ही हस्तकलेसाठी ठेवून घेतली.