कॅमेऱ्यासमोरचा मुखत्यार

दुसऱ्याची तसबीर काढताना पाहणारा, जुळवणारा आणि कळ दाबणारा माणूस एकच असतो, आणि जिचे चित्र निघावयाचे ती व्यक्ती आपल्या जागी निमूटपणे बसलेली असते. परंतु स्वतःची तसबीर स्वतःच काढावयाची झाली की ही सोयीची वाटणी मोडते, कारण ज्या चेहऱ्यावर फोकस जुळवायचा तो चेहरा त्या घटकेस कॅमेऱ्याच्या मागे असतो, आणि तो पुढे जाऊन बसला म्हणजे मागे जुळवणारा कोणी उरत नाही. प्रकाश, पार्श्वभूमी, पोशाख, मुद्रा यांचा बंदोबस्त आगाऊ करून ठेवता येतो. फोकसचा तसा करू गेल्यास पुष्कळदा असे घडते, की भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथीसुद्धा वाचता यावी इतकी लख्ख उमटते आणि तिच्यापुढचे दस्तुरखुद्द आपण तेवढे धूसर राहतो.

या प्रकारात यंत्राचा हात मोठा आहे. जुन्या कॅमेऱ्यात घाशीव काचेवर प्रतिमा पाहून एकदा फोकस मुक्रर केला, म्हणजे लेन्स कोणी हात लावीपर्यंत जागची हलत नसे. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ साली स्वतःचे डागेरोटाइप घेतले, त्यात त्याचे केस विस्कटलेले आहेत आणि तो चौकटीच्या मध्यापासून बाजूला सरकलेला आहे. मध्य चुकला तरी जुळवलेली लेन्स त्याच्यामागे बदलली नाही, एवढी त्याची सोय होती. त्रिपुराचे महाराज वीरचंद्र माणिक्य यांचे राणीसमवेतचे जे जुने चित्र प्रसिद्ध आहे, त्यात कळ दुरून चालविण्याचे साधन त्यांच्या हातात दिसते. त्यांचा प्रश्न कळ दाबण्याचा होता आणि फोकसचे काम आधीच उरकलेले होते. १९८५ साली मिनोल्टा ७००० बाजारात आला आणि फोकस धरण्याचे काम कॅमेरे स्वतःच्या अंगावर घेऊ लागले, तेव्हापासून एक नवी अडचण उद्भवली: सेल्फ-टायमर लावून कळ दाबली की अनेक कॅमेरे त्याच क्षणी समोर जे असेल त्यावर फोकस धरतात, आणि मग दहा सेकंद मोजतात. त्या क्षणी समोर असते ती भिंत. आपण धापा टाकीत खुर्चीवर जाऊन बसतो तोवर निकाल लागून गेलेला असतो.

यावरचा उपाय एकच, आणि तो वकिली पद्धतीचा आहे: आपल्या गैरहजेरीत आपल्या जागी एक मुखत्यार नेमावा, त्याच्यावर फोकस जुळवावा, यंत्राची स्वयंचलित अक्कल बंद करावी आणि मग मुखत्याराला उठवून त्याच्या जागी आपण बसावे. माझा मुखत्यार म्हणजे जळमटे काढण्याचा लांब दांड्याचा झाडू. तो एका स्टुलाला सुतळीने उभा बांधायचा आणि आपले डोळे ज्या उंचीवर येणार त्या उंचीवर दांड्याला वर्तमानपत्राचा तुकडा चिमट्याने लावायचा. कागद छापील हवा. कोऱ्या पृष्ठावर लेन्सला पकडण्यासारखे काही नसते, उलट काळ्या अक्षराची पांढऱ्या कागदावरची कड हा फोकसचा सर्वांत विश्वासू साक्षीदार होय. (घरातील मंडळींना या विधीची सवय झाली आहे, तरी पाहुणा आलेला एखादा मुलगा "काका, झाडूचा फोटो काढताय का?" असे विचारल्यावाचून राहत नाही.) नंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावरील प्रतिमा दहापट मोठी करून लेन्सचे कडे हाताने फिरवायचे, ते असे की अक्षर स्पष्ट होते, पुन्हा फिसकटते, आणि मागे आणले की परत स्पष्ट होते, हे पलीकडे जाऊन परत येणे टाळू नये, कारण शिखर ओलांडल्याखेरीज ते शिखर होते याची खातरजमा होत नाही. एवढे झाले की लेन्सवरचा खटका हस्तचलित बाजूस सरकवायचा आणि मग कड्याला बोटही लावायचे नाही.

आता अंतर. ट्रायपॉडच्या डोक्याला दोरा बांधून तो ताणून वर्तमानपत्रापर्यंत न्यायचा आणि तेथे गाठ मारायची. स्टूल हलवून तेथे खुर्ची ठेवायची, बसायचे, गाठ डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला टेकेल असे मागेपुढे व्हायचे, आणि दोरा ताणलेला असतानाच खुर्चीच्या पायांभोवती शहाबादी फरशीवर खडूने खुणा करून घ्यायच्या. मग दोरा सोडून द्यायचा. तो चौकटीबाहेर खाली लोंबतो आणि चित्रात येत नाही.

इतका सोपस्कार कशासाठी, तर स्पष्टतेची हद्द फार अरुंद असते म्हणून. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ या मोकळ्या छिद्रावर ठेवली आणि चेहरा २ मीटरवर असला, तर रूढ हिशेबाने स्वीकार्य स्पष्टतेचा पट्टा पुढचा-मागचा मिळून सुमारे ६ सेंटिमीटरचा भरतो. चेहरा थोडा वळवला की जवळचा डोळा हद्दीत आणि दूरचा हद्दीबाहेर जाण्यास तेवढे पुरते. तीच लेन्स एफ ८ वर आणली की पट्टा सुमारे २६ सेंटिमीटरचा होतो, आणि नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळे त्यात सामावते. पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळवण्याची हल्लीची हौस मला मान्य नाही असे नव्हे, पण ती दोन माणसांची हौस आहे. एकट्याने काम करणाऱ्याने छिद्र आवळावे, खिडकीशी बसावे, आणि तरीही प्रकाश कमी पडला तर संवेदनक्षमता वाढवून चित्रातील रवाळपणा मुकाट्याने पत्करावा. खिशातल्या फोनला ही विवंचना फारशी पडत नाही, कारण त्याची लेन्स अवघ्या काही मिलिमीटरची आणि संवेदकही इवलासा असल्याने हातभर अंतरावरचा चेहरा आणि मागचे देऊळ ही दोन्ही त्याला बहुधा सारखीच चालतात.

उभे राहण्यापेक्षा बसणे बरे, आणि नुसते बसण्यापेक्षा पाठ टेकून बसणे बरे. उभा माणूस आपण स्थिर आहोत असे समजत असतानाही किंचित मागेपुढे झुलत असतो, आणि तेवढ्याने ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यातून डोळे बाहेर पडतात. इपोलित बायारने १८४० साली स्वतःला बुडून मेलेला माणूस म्हणून दाखवणारे चित्र घेतले, ते डागेरोटाइपचा जनक डागेर याला मिळालेल्या मानमरातबाविरुद्धची फिर्याद म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु कलून टेकलेले शरीर आणि मिटलेले डोळे ही त्या काळच्या दीर्घ प्रकाशनाला किती सोयीची होती, याकडे माझ्यासारख्या कारागिराचे लक्ष आधी जाते.

चित्र निघाल्यावर चेहरा पाहू नये. डोळ्याच्या पापण्या मोठ्या करून पाहाव्या. पापण्या फिसकटल्या आणि कानावरचे केस स्वच्छ दिसले, तर आपण फोकसच्या पुढे झुकलो होतो; नाकाचा शेंडा वा मिशी स्वच्छ आणि पापण्या मऊ, तर मागे रेललो होतो. चित्रात कोठेच काही धारदार नाही आणि प्रत्येक कड एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसते, तर ती फोकसची तक्रार नव्हे, कॅमेराच हलला. आणि खुर्चीची पाठ धारदार असून चेहराच ओढलेला, तर आपण हललो. दोन्ही बाबतींत शटर १/१२५ किंवा त्याहून जलद करावे. पुढे-मागे झुकल्याची चूक अशी दिशेसह कळली, की खुर्चीला हात न लावता मान तेवढी बोटभर सरकवून पुढचे चित्र घेता येते.

अलीकडचे कॅमेरे डोळा ओळखून त्याचा पाठलाग करतात आणि रिमोटची कळ अर्धी दाबली तर आपण जागेवर बसल्यानंतर फोकस धरतात. त्यांनी झाडूची नोकरी बरीचशी काढून घेतली आहे, हे कबूल केले पाहिजे. तथापि चष्मा असेल तर हे यंत्र अधूनमधून डोळ्याऐवजी चष्म्याची कड किंवा काचेवरची खिडकीची तिरीप पकडते, आणि पडद्यावर आपला चौकोन मात्र डोळ्याभोवतीच ऐटीत रेखते. चष्मेवाल्याने चष्म्याच्या काड्या कानामागे किंचित उचलून काचा खाली कलवाव्या, म्हणजे तिरीप निघून जाते.

आरशाचा मार्ग वेगळा. व्हिव्हियन मायर हिने आरशांत आणि दुकानांच्या काचांत स्वतःची असंख्य चित्रे घेतली, आणि छातीशी धरलेला रोलायफ्लेक्स त्यांत उघड दिसतो. तेथे मुखत्याराची गरजच नाही, कारण पाहणारा आणि दिसणारा एकाच वेळी हजर असतो. फक्त अंतराचा हिशेब दुप्पट करावा लागतो: आरसा १ मीटरवर असेल तर आपली प्रतिमा त्याच्या मागे तितकीच आत असते, सबब लेन्स २ मीटरवर लावायची, १ मीटरवर लावली तर आरशावरची धूळ आणि बोटांचे डाग उत्तम येतात. शिवाय घरगुती आरशाचा मुलामा काचेच्या मागच्या अंगाला असल्याने पुढच्या पृष्ठभागावरूनही एक फिकी प्रतिमा परतते, आणि तिरके उभे राहिल्यास ती मुख्य प्रतिमेपासून सुटून पापण्यांना दुहेरी कड आणते. ती टाळण्यासाठी आरशासमोर सरळ उभे राहावे, आणि मग कॅमेरा चित्रात येणारच, हे धरून चालावे.