थंडीने करपलेली बाग

निफाड परिसरात पारा ४ अंश सेल्सिअसच्या खाली उतरला, की द्राक्षबागायतदारांची चिंता सर्वत्र चर्चेचा विषय होते. परंतु अंगणातील जास्वंद, क्रोटन, बोगनवेल या उष्ण प्रदेशीय झाडांची त्याच रात्री जी दुर्दशा होते, तिची दखल सहसा कोणी घेत नाही. निरभ्र, निर्वात रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे गमावून भोवतालच्या हवेहूनही अधिक थंड होते; त्यातील पाणी गोठले, म्हणजे पेशींची आवरणे फाटतात, आणि सकाळी भिजल्यासारखे काळपट, लुळे दिसणारे पान पुढे तपकिरी होऊन वाळते.

अशा वेळी मालकाचा हात तत्काळ कात्रीकडे जातो, आणि खरी हानी तेथेच होते. कारण वाळलेली पानेच खालच्या डोळ्यांना आडोसा देतात, शिवाय अकाली छाटणीने येणारी कोवळी फूट पुढच्या थंडीस सहज बळी पडते. म्हणून फेब्रुवारी सरेपर्यंत धीर धरावा. मग शेंड्याकडून बुंध्याकडे येत नखाने साल किंचित खरवडावी: आत हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत, कोरडा व तपकिरी असला तर मृत. जिवंत भागातील डोळ्याच्या किंचित वर काप घ्यावा. सगळ्या फांद्या गेल्या तरी जास्वंद पुष्कळदा बुंध्यापासून पुन्हा फुटते. ती उपटण्याची घाई कृपा करून करू नये.

तोवर माती ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे, बुडाशी पालापाचोळा पसरावा. युरिया मात्र नवी पालवी स्थिर होईपर्यंत सर्वथा वर्ज्य समजावा.