लिनक्स वितरणाची निवड

लिनक्स वितरण म्हणजे लिनक्स कर्नल, पॅकेज व्यवस्थापक, डेस्कटॉप आणि इतर सॉफ्टवेअर एकत्र करून तयार केलेली संचालन प्रणाली होय. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला कर्नल हा सर्व वितरणांचा समान पाया आहे. अद्यतनांचा वेग, पाठबळाचा कालावधी आणि सोबतचे सॉफ्टवेअर यांत मात्र मोठा फरक असतो. त्यामुळे संगणकावर कोणते काम किती वर्षे करायचे आहे, यावर वितरणाची निवड अवलंबून असते.

पाठबळाचा कालावधी

उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी येतात व त्यांना पाच वर्षे सुरक्षा अद्यतने मिळतात. फेडोराची नवी आवृत्ती साधारणपणे सहा महिन्यांनी येते आणि तिचे पाठबळ सुमारे तेरा महिने टिकते. आर्च लिनक्समध्ये ठरावीक आवृत्त्या नसतात; त्यातील सॉफ्टवेअर सतत अद्ययावत होत राहते. नवे तंत्रज्ञान शिकणाऱ्यास फेडोरा किंवा आर्च उपयुक्त ठरते, तर कार्यालय, शाळा किंवा सर्व्हर यांसाठी डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती अधिक सोयीची असते.

या निकषाचे महत्त्व सेंटओएसच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणे अपेक्षित होते. परंतु डिसेंबर २०२० मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत कमी करण्यात आली. सर्व्हरसाठी ते निवडलेल्या संस्थांना पर्याय शोधावा लागला. त्यातूनच अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही वितरणे २०२१ मध्ये पुढे आली.

हार्डवेअर

जुन्या किंवा कमी मेमरीच्या संगणकावर एक्सएफसीई अथवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप असलेले वितरण योग्य ठरते. झुबुंटू व लुबुंटू ही त्याची उदाहरणे आहेत. अगदी नव्या लॅपटॉपला वायफाय किंवा ग्राफिक्ससाठी नवा कर्नल लागू शकतो.

मराठीचा वापर

बहुतेक प्रमुख वितरणांत इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहिता येते. लोहित हा मुक्त टंकसंच मूळचा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेला असून तो २००४ मध्ये रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित 'बॉस' हे भारतीय भाषांना अनुकूल वितरण विकसित केले आहे. 'ळ' हे अक्षर तसेच 'ऱ्या'सारखी जोडाक्षरे नीट दिसतात का, हे स्थापनेपूर्वी तपासावे लागते.

वाहन उद्योग

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात वाहननिर्मितीचा उद्योग मोठा आहे. हिंजवडीलगतच्या माण (तालुका मुळशी) येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा काही भाग येतो. वाहनांचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजचे नोंदणीकृत कार्यालयही तेथेच आहे. वाहनातील संगणकासाठी डेस्कटॉपचे तयार वितरण सहसा सोयीचे नसते. अशा वेळी योक्टो प्रकल्पाच्या साधनांनी फक्त आवश्यक घटक घेऊन स्वतंत्र वितरण बांधता येते. लिनक्स फाउंडेशनने २०१२ मध्ये सुरू केलेला ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स हा प्रकल्प याच साधनांवर आधारित आहे.

पूर्वचाचणी

अनेक वितरणे पेन ड्राइव्हवरून थेट चालवून पाहता येतात. त्यामुळे हार्ड डिस्कवरील माहितीला धक्का न लावता वायफाय, ध्वनी, प्रिंटर व मराठी टंकलेखन तपासता येते. प्रत्यक्ष स्थापनेपूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवणे आवश्यक असते.